पुढच्या खोलीतला पंखा

"पंखा साफ करून घे म्हणते पोरगा," लताबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी उलटी धरून झटकली. "बाप मेला तं आला नाही, रजा नाही भेटली म्हणे. आन् आता वर्ष होऊन राहिलं, फोन केला की एकच. आई, पुढच्या खोलीतला पंखा साफ करून घे. अवं, मी म्हटलं, तुले पंख्याची पडली का माझी?" भाजीवाला "दीदी, झटको मत, पत्ते टूटते हैं" म्हणून ओरडला, त्यावर लताबाईंनी त्याला दोन ऐकवल्या, आणि मी नुसतं "हो का" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? जबलपूरच्या कांचघर बाजारात, सकाळच्या उन्हात, टमाटरच्या गाड्याला हात टेकवून मी उभी राहिले. लताबाई विहारातल्या ओळखीच्या, रविवारी वंदनेला भेटणाऱ्या, पण त्यांच्या घरी मी कधी गेले नव्हते. त्यांच्या मालकांचा, तुळशीरामभाऊंचा, मरणानंतरचा जलदानविधी झाला तेव्हाही मी नागपूरला बहिणीकडे होते. आणि तरी तो पंखा मला ठाऊक होता. तीन पाती, त्यातलं एक मागून बसवलेलं, जरा वेगळ्या रंगाचं. वरच्या दांडीला चौदा एप्रिलच्या सजावटीतली निळ्या कागदाची पट्टी अडकून राहिलेली, पंखा फिरला की फडफडणारी. पात्यांच्या कडेला काळी धूळ. हे सगळं मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं, इंग्रजीत, एका परक्या बाईला. मला पंखा सोडून काही दिसत नाही, असं म्हटलं होतं. मला म्हणजे मला नव्हे. पण आमच्या कामात 'मी'च म्हणायचं असतं.

लोकांना मी सांगते की ऑनलाइन शिकवते, कारण खरं काम समजावायला बसलं की चहा थंड होतो. अमेरिकेतल्या दवाखान्यांमध्ये ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्या आणि डॉक्टरच्या मधे मी फोनवर असते. इकडून हिंदी, तिकडून इंग्रजी. तिकडे संध्याकाळ तेव्हा इकडे सकाळ, म्हणून अश्वजीत, माझा नवरा, रेल्वेच्या ड्यूटीवर गेला की मी आतल्या खोलीचं दार लावून कानाला हेडफोन चढवते. नियम सोपे आहेत. आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि पेशंट 'माझं पोट दुखतं' म्हणाला तर 'त्याचं पोट दुखतं' असं नाही म्हणायचं, 'माझं पोट दुखतं' असंच म्हणायचं. मधल्या बाईचा विसर पडला पाहिजे म्हणे. पोटदुखीपर्यंत ठीक होतं, बाप्पा. पण मग मला समुपदेशनाचं काम देऊ लागले, आणि सकाळी दूध तापायला ठेवून मी म्हणू लागले, मला झोप लागत नाही. मला दार वाजलं की घाम फुटतो. कुणी माझ्या मागे येतं आहे. पोह्याला फोडणी देताना ही वाक्यं तोंडात घोळत. एका पहाटे अश्वजीतने मला हलवून उठवलं, बिचारा घाबरून गेला होता. "तू झोपेत इंग्रजी बोलून राहिली," तो म्हणाला. "काय बोलली मला नाही समजलं, पण तू रडत होती." मी त्याला म्हटलं, इंग्रजीच होतं ना, मग माझं नसेल, झोप. एक खोड मात्र माझी गेली नाही. समोरचा थांबला की माझ्या तोंडून बारीकसं "हं" निघतं, मगच मी सुरू करते. ट्रेनिंगच्या बाईने खूप रागे भरलं. वडील फॅक्टरीतून आले की मी त्यांना धडा वाचून दाखवायची आणि दर वाक्याला ते "हं" म्हणायचे, तिथलं ते आहे. जाणार कसं?

त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. नाव सांगायला लागत नाही असा तो दवाखाना होता, एका चर्चच्या तळघरात, आणि म्हणूनच तो तिथे आला होता. व्हिसा कधीच संपलेला, कागद नाहीत. एका मोटेलच्या स्वयंपाकघरात भांडी, मागच्याच खोलीत झोपणं. दाढ किडली होती, गाल सुजला तरी डॉक्टरकडे जायचा नाही, कारण डॉक्टर नाव लिहील, नाव लिहिलं की कुणीतरी वाचेल, वाचलं की गाडी येईल. समुपदेशक नोराबाई, आवाजावरून साठीच्या असाव्यात, त्या पहिले कितीतरी आठवडे त्याला एवढंच पटवत होत्या की मी काही लिहीत नाही, बघा, माझे हात रिकामे आहेत. फोनवर मला ते हात दिसत नव्हते, पण मी सांगितलं, मेरे हाथ खाली हैं, देखिए. तो माझ्यावरही विश्वास ठेवत नव्हता. "ये दीदी कहाँ से बोल रही हैं?" त्याने विचारलं होतं. हे सांगायची मला मुभा नाही. नोराबाई म्हणाल्या, फार लांबून, आणि ती शपथेने बांधलेली आहे. "दूर है तो ठीक है," तो म्हणाला. "कोई अपना नहीं होना चाहिए. अपने लोगों में बात फैलती है." दर वेळी नोराबाई आधी विचारत, आज जेवलात का? आणि दर वेळी मी इंग्रजीत म्हणत असे, नाही, भूक नव्हती. असं महिनोन्महिने मी उपाशी राहिले, दुपारी वरण-भात खाऊन.

मग त्याने वडिलांचं सांगितलं. वडील गेले आणि तो गेला नाही. गेला असता तर परत आत येता आलं नसतं, आणि त्याच्या पैशावर बहिणीचं नर्सिंग चाललं होतं. घरी सांगितलं, रजा नाही. "मी काय सांगितलं असतं? की मी चोरासारखा राहतो?" हे मी इंग्रजीत म्हटलं. त्यांच्यात, तो म्हणाला, माणूस गेला की पाण्याचा विधी करतात. घरचे सगळे मिळून एका गडूला हात लावतात आणि खालच्या भांड्यात पाणी सोडतात, ते भरून वाहेपर्यंत. नोराबाईंना तो हे हिंदीत समजावत होता आणि मी हेडफोनवर हात दाबून बसले, कारण ते आमच्यातलं होतं, आमच्या घरचं. बहिणीने फोन धरला होता. पण पाणी सोडायची वेळ आली तेव्हा तिला दोन्ही हात लागले, म्हणून तिने फोन चटईवर ठेवला, पाठीवर. "तेव्हापासून मला पंखा दिसत होता. आवाज येत होता. पाण्याचा, आईच्या रडण्याचा. सगळ्यांचे हात बाबांपर्यंत पोचले आणि मी पंखा पाहत होतो. डोळे मिटले तरी तोच येतो." नोराबाईंनी त्याला एक शांत जागा मनात आणायला सांगितली, एखादी नदी समजा. त्या बिचाऱ्या भल्या मनानेच म्हणाल्या. "नदी नको," तो म्हणाला, "नदीत तर बाबांना सोडलं." त्या रविवारी मी विहारात वंदनेला बसले आणि मला एकही गाथा नीट म्हणता आली नाही. आमच्यातली माणसं काय जबलपूरलाच आहेत थोडी? नागपूर, भिलाई, इटारसी, कुठेही असतील. तरी पांढऱ्या साडीतल्या एकेका आईकडे मी पाहत राहिले. हिचा तर नसेल? त्या रांगेत लताबाईही होत्या, आणि नेमकी त्यांच्यावरून माझी नजर पुढे गेली, कारण त्यांचा मुलगा सुमेध तर परदेशात मॅनेजर होता.

मेथी घेऊन झाली तशी मी त्यांच्यासोबतच घरी गेले. "तुमच्याकडे कुंदा असतो ना परसात, द्या मला," असलं काहीतरी बोलले. आता आठवलं तरी हसू येतं, कुंदा म्हणजे शेतातलं गवत, परसात कोण लावतं? पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती, हार घातलेले तुळशीरामभाऊ, आणि टोपी घालून पदवी घेताना सुमेध. मी मान वर केली नाही. पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, लताबाई आत गेल्या आणि मग वर पाहिलं. तीन पाती. निळी पट्टी. पंखा बंद होता तरी ती जराशी हलत होती. माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते त्या मुलासाठी होतं की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही. महिनोन्महिने ज्याचं 'मी' माझ्या तोंडात होतं त्याच्या घरात मी बसले होते, आणि त्याची आई आतून ओरडून विचारत होती, चहात साखर किती. मला ओरडावंसं वाटलं, लताबाई, पोराला शिव्या देऊ नका, त्याला रजा नव्हे, दार नाही. पण ते बाहेर न्यायचं नव्हतं. नियमाचं सोडा, नियम कंपनीचा. त्यानेच सांगितलं होतं ना, कोई अपना नहीं होना चाहिए. जगात त्याला एकच खोली होती जिथे तो खरं बोलायचा, आणि ती खोली म्हणजे माझा कान होता. "येत्या रविवारी वर्षाचं पुण्यानुमोदन ठेवलं," लताबाई चहा देत म्हणाल्या. "भन्तेजी पाणीपण सोडून देतो म्हणाले. तू ये. त्या साहेबाले श्रद्धा लावून देईन फोन." श्रद्धा म्हणजे मुलगी. म्हणजे पुन्हा तिचे दोन्ही हात गडूला, आणि पुन्हा तो चटईवर.

त्याच आठवड्यात त्याची वेळ होती. "रविवारी घरी कार्यक्रम आहे," तो म्हणाला, मी म्हटलं. "मी फोन उचलणार नाही. पुन्हा तो पंखा मला सोसणार नाही. आणि इथेही आता येत नाही. काय फायदा?" नोराबाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना सरळ विचारावाच लागतो, आणि मलाही सरळच विचारावा लागतो. स्वतःचा जीव द्यावा असं मनात येतं का? मी हिंदीत विचारलं. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, मी उठले नाही. "पता नहीं, दीदी," तो म्हणाला. नोराबाईंना नव्हे, मला म्हणाला. मी तेही इंग्रजीत सांगितलं, दीदीसकट. मग एक गोष्ट केली, जी नियमात बसते पण मी कधी केली नव्हती. इंटरप्रिटरला काही स्पष्ट करायचं आहे, असं म्हणून परवानगी मागता येते, रीतभात समजावण्यापुरती. मी दोघांनाही, दोन्ही भाषांत, सांगितलं की त्या विधीत सगळ्यांचे हात गडूपर्यंत पोचत नाहीत, घर लहान असतं, माणसं खूप असतात. ज्याचा हात पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याच्या मागचा त्याच्या खांद्यावर, आणि दारातल्या शेवटच्या माणसाचंही पाणी पोचलं असं धरतात. नोराबाईंनी हळूच विचारलं, तुमचा हात कुणाच्या खांद्यावर असू शकेल? "कोई फोन तो पकड़े," तो म्हणाला. "दो मिनट कोई पकड़े तो सही." नोराबाईंनी त्याच्याकडून रोज एकदा दवाखान्यात फोन करण्याचं वचन घेतलं. रविवारचा फोन उचलण्याचंही घेतलं. मी कुणाकडून काय घेणार? मी जळलेलं पातेलं घासत बसले.

आता माझी अडचण बघा. फोन धरायचा तर तिथे बोलायचं नाही. एक शब्द बोलले की तो आवाज ओळखणार, आणि ओळखला की त्याची ती एकच खोलीही गेली. जिला सगळं सांगितलं ती आपल्याच विहारातली निघाली, आईच्या शेजारी बसणारी! मग तो कुणाकडे जाणार होता? आणि न जावं तर तो पाठीवर पडून राहणार. तीन रात्री मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी रविवारी गळ्याला मफलर गुंडाळला, भर उन्हाळ्यात. लताबाईंच्या दारातच गळ्याला हात लावून खुणेने सांगितलं, बसला. "बाई बाई, कुल्फी खाल्ली असन," त्या म्हणाल्या. पुढची खोली भरली होती. मी आधी वर पाहिलं. पाती चकचकीत, आणि पट्टी नव्हती. "केला साफ," लताबाई माझी नजर पाहून म्हणाल्या. "स्टुलावर चढून मीच केला. म्हटलं एवढं म्हणून राहिला तं." असं म्हणून त्यांनी पदराने नाक पुसलं.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. भन्तेजींनी गडू पुढे घेतला, परातीत वाडगा ठेवला, आणि घरच्यांना बोलावलं. श्रद्धाने इकडे तिकडे पाहिलं आणि फोन चटईवर ठेवायला वाकली. मी तिच्या हातातून तो काढून घेतला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. फोटोतल्या टोपीवाल्यापेक्षा कितीतरी बारीक, एक गाल वर आलेला, मागे भिंतीला टेकवलेली गादी. माझ्याच पोटात उपाशी राहिलेलं पोरगं. मी मागचा कॅमेरा लावून फोन गडूच्या वर धरला, की त्याला वाडगा दिसावा, आणि डावा हात लताबाईंच्या खांद्यावर ठेवला. माझ्या मनगटावर कढईचा जुना चटका आहे, तो त्याला दिसत असणार, म्हणून काय झालं, चटके सगळ्या बायकांना असतात. भन्तेजी गाथा म्हणू लागले. पाण्याची धार सुरू झाली, बारीक, मधेच तुटणारी, कारण इतक्या हातांना एक गडू तिरपा करता येत नाही. वाडगा भरला, काठाशी थरथरला आणि परातीत वाहू लागला. कुणीतरी हुंदका दिला. माझा हात इतका हलत होता की मी कोपर पोटाशी दाबलं. "दिसून राहिलं, आई," फोनमधून आवाज आला. त्याचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. "मला पाणी दिसून राहिलं." आणि तो थांबला.

"हं," मी म्हटलं.

निघून गेलं तोंडातून. तो थांबला की मी म्हणते ते. पाणी चालूच होतं, कुणाचं लक्ष नव्हतं, पण पडद्यावर त्याचे डोळे वाडग्यावरून हलले. तो जवळ आला, जणू काचेतून माझा हात धरून वर पाहता येईल. "कोण आहे?" त्याने विचारलं. लताबाई रडता रडता मान न वळवता म्हणाल्या, "प्रतिमाकाकू होय रे, विहारातली. तिचा गळा बसला, बोलता येत नाही तिले." त्याने फोन बंद केला नाही. तीनदा 'साधु' म्हणून साधुकार झाला, श्रद्धाने फोन घेतला तोवर पडदा काळा झाला होता. रेंज गेली असेल, ती म्हणाली. मला माहीत होतं रेंज गेली नव्हती.

पुढचे दिवस मी कसे काढले मला विचारू नका. स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की अश्वजीतने विचारलं, कुणाशी भांडून राहिली. मी पोराची खोली मोडली होती. एका 'हं'साठी! तो रोज फोन करतो की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता, ते काम दुसऱ्या कुणाकडे जायचं. लताबाईंच्या गल्लीवरून दोनदा गेले, आतून रडणं ऐकू येत नाही ना एवढं पाहायला. फॅक्टरीचा भोंगा झाला की दचकायची. मग त्याची वेळ आली. मी दूध आधीच तापवून ठेवलं, दार लावलं. नोराबाई म्हणाल्या, गुड इव्हिनिंग. मी म्हटलं, गुड इव्हिनिंग. नोराबाई म्हणाल्या, ते अजून आले नाहीत, थोडं थांबू. मी भिंतीवरच्या पालीकडे पाहत थांबले. देवाला मानत नाही मी, पण त्या वेळी कुणाला तरी मनात खूप विनवलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नमस्ते," तो म्हणाला. आवाज बसका होता. मग बराच वेळ तो हिंदीत बोलला आणि मी त्याच्या मागून इंग्रजीत चालत राहिले. मी आईला सांगितलं. सगळं. मॅनेजर नाही, कागद नाहीत, म्हणून आलो नाही. मला वाटलं ती रडेल, नाहीतर फोन ठेवेल. ती म्हणाली, कागद नाही तं नाही, जेवला का ते सांग. मग म्हणाली, दाढ दाखव, तिथला कोणी गोरा डॉक्टर नाव न विचारता पाहत असेल तं पाय धर त्याचे. नोराबाई हसल्या आणि म्हणाल्या, आहे, आमच्या ओळखीत आहे, पाय धरावे लागत नाहीत. मी ते सांगितलं. तो थांबला. मी ओठ घट्ट मिटून घेतले, काही म्हणजे काही बाहेर पडू दिलं नाही. नोराबाई वाट पाहत होत्या. त्याला ते कळलं असावं, कारण तो हलकेच हसला.

"कुणीतरी फोन धरला होता," तो म्हणाला, मी म्हटलं. "हात खूप हलत होता, पण सोडला नाही. आधी मला राग आला. दोन दिवस राग होता. मग वाटलं, इतके दिवस जिने सगळं ऐकलं, तिने गल्लीत एक शब्द नाही सांगितला. आईला काहीच माहीत नव्हतं." माझा इंग्रजी शब्द अडखळला, नोराबाई म्हणाल्या, सावकाश. आणि मग तो, त्या तळघरात पहिल्यांदाच, मराठीत बोलला. "दीदी, गळा बरा झाला का तुमचा?"

नोराबाईंनी विचारलं, काय म्हणाले ते? जे बोललं जातं ते सगळं सांगायचं असतं. मी सांगितलं की ते इंटरप्रिटरच्या गळ्याची चौकशी करत आहेत. अरे वा, नोराबाई म्हणाल्या, मग सांगा ना त्यांना. त्यांनी मुभा दिली, असं मी धरलं.

"हाव, बरा आहे," मी म्हटलं. "तू जेवला का?"

"जेवलो," तो म्हणाला. "वरण-भात केला."

"हं," मी म्हटलं, श्वास घेतला, आणि नोराबाईंना इंग्रजीत सांगायला लागले, मी आज जेवलो. तिथेच माझा गळा बसला, या वेळी खराच.